न बोलणारा कोच

"माणूस काय बोलतो ते ऐकायचंच नाही! तो कुठे जाऊन बसतो ते बघायचं!"

कर्ट विटमायरचं हे जीवनतत्त्व होतं. गॅरेजची दारं विकण्याच्या धंद्यात या तत्त्वानं त्याला म्हणे कधीच दगा दिला नव्हता. म्हणे अशासाठी, की हे सांगणाराही तोच होता. आता हेच तत्त्व तो मुलीसाठी सॉकर क्लब निवडायला वापरणार होता.

मुलगी टेगन नववी संपवत होती. सिनसिनाटीच्या उत्तरेला ज्या उपनगरात विटमायर मंडळी राहतात, तिथे नववीतल्या मुलीला लोक दोनच प्रश्न विचारतात. कुठल्या क्लबातून खेळतेस, आणि कुठल्या कॉलेजचा कोच तुला बघतोय? अभ्यासाचं कुणी विचारत नाही, ती मुलीची खाजगी बाब!

टेगनला मात्र मनापासून खेळायचं होतं. शाळेतून आली की ती गॅरेजच्या दारावर चेंडू आपटत बसायची, आणि दार बापाच्याच कंपनीचं असल्यानं ते वर्षातून दोनदा बदलावं लागायचं. कॉलेजातही खेळायचंच, हे तिनं ठरवून टाकलं होतं. त्यासाठी येत्या वर्षभरात कुठल्या तरी कॉलेजच्या कोचनं तिला खेळताना बघायला हवं होतं. म्हणजेच, कोच जिथे बघायला येतात असा क्लब निवडायला हवा होता.

यात एक मोठी गंमत होती. मुलीची दहावी संपून पंधरा जून उजाडेपर्यंत कॉलेजच्या कोचनं तिच्याशी किंवा तिच्या आईबापांशी एक शब्द बोलायचा नाही, असा कॉलेजांचा कडक नियम. बघायचं भरपूर, बोलायचं शून्य! पंधरा जूनला मात्र घरोघरी फोन वाजू लागतात. ज्यांच्या घरी वाजत नाहीत ते त्या दिवशी फोन बिघडल्याचं सांगतात.

टेगनला दोन क्लबांनी निवडलं होतं, ब्लू हेरन आणि आयर्न व्हॅली. दोघांनाही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"ब्लू हेरन घेऊन टाक," बायको डेनीस म्हणाली. "घरापासून दोन सिग्नलवर आहे. तिच्या मैत्रिणी तिथेच आहेत. आणि तो कोच तिला उजव्या बाजूला पुढे खेळवणार आहे."

"डेनीस, तू मनानं विचार करतेस!"

"मग कशानं करू? गॅरेजच्या दारानं?"

कर्टनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आयर्न व्हॅलीच्या मैदानाचं निरीक्षण करायला निघाला.

मैदानाच्या एका कडेला नेहमीप्रमाणे आईबाप बसले होते. घडीच्या खुर्च्या, थर्मास, कुत्री आणि आरडाओरडा. समोरची कड मोकळी होती. त्या मोकळ्या कडेला एकटाच एक माणूस बसला होता. काळा चष्मा, टोपी, आणि छातीवर हॅलोरन विद्यापीठाचं चिन्ह असलेला हिरवा शर्ट! टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, फोनसुद्धा नाही. नुसता पुतळ्यासारखा मैदानाकडे बघत होता.

मुलींची मॅच बघताना जो ओरडत नाही तो बाप असूच शकत नाही, हे कर्टनं ताबडतोब ताडलं. कॉफीचे दोन पेले घेऊन मैदानाला वळसा घालत तो त्या माणसापाशी पोचला.

"नमस्कार! मी कर्ट. माझ्या मुलीची, टेगनची, निवड झालीय इथे."

माणसानं कॉफी घेतली आणि नुसती मान हलवली.

"तुम्ही हॅलोरनचे ना?"

माणसानं आधी आपल्या शर्टाकडे पाहिलं, मग कर्टकडे पाहिलं आणि पंजा वर करून थांबण्याची खूण केली.

"म्हणजे, तुम्हाला बोलायला बंदी आहे?"

माणसानं जोरजोरात मान डोलावली! ओठांवर बोट ठेवलं आणि क्लबच्या ऑफिसकडे घाबरून पाहिलं.

"समजलं! सगळं समजलं!" कर्ट कुजबुजला. "मी इथे आलोच नव्हतो!"

आणि डोळा मारून तो जवळजवळ पळतच गाडीकडे गेला, तो थेट घरी.

"डेनीस! हॅलोरनचा कोच! आयर्न व्हॅलीत! एक अक्षर बोलला नाही!"

"मग कोच आहे हे कशावरून?"

"अगं, बोलला नाही यावरूनच! नियम आहे ना!"

मौन हे संमतीचं लक्षण असं जुने लोक सांगून गेलेत. कर्टनं त्यांच्या एक पाऊल पुढे जाऊन ते कोचचं लक्षण ठरवलं होतं.

"समोरचा रॉजर हिवाळ्यापासून आपल्याशी बोलत नाही," डेनीस म्हणाली. "तोही कोच का?"

"रॉजरच्या कुंपणात मी गाडी घातली होती, ते प्रकरण वेगळं!"

टेगन दारात उभी होती. "बाबा, आयर्न व्हॅलीच्या जुन्या मुली एकजात क्लब सोडून गेल्यात. गोलकीपर तेवढी राहिलीय. का गेल्या ते तरी विचार ना!"

"मोठ्या क्लबात उलाढाल असतेच, बाळा!" असं म्हणून कर्टनं त्याच रात्री आयर्न व्हॅलीला होकार कळवला आणि वर्षाचे पैसे भरले. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत हे तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच ते कुणी वाचत नाही.

एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवणं कर्टला शक्य नव्हतं. त्यानं ती फक्त जोलीनला सांगितली. जोलीन म्हणजे टेगनच्या मैत्रिणीची आई, आणि गुपित षट्कर्णी करायला तिला बाकीचे चार कान शोधावे लागत नसत. आठवडा संपायच्या आत ब्लू हेरनच्या सात मुली आयर्न व्हॅलीत दाखल झाल्या!

आयर्न व्हॅलीचा डायरेक्टर आणि कोच असलेला इयन क्रॅडक हा मूळचा इंग्लंडचा. त्याला सॉकरमधलं किती कळतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याचे उच्चार ऐकून आईबापांचा हात आपोआप पाकिटाकडे जायचा. पहिल्याच सरावाला कर्टनं त्याला बाजूला घेतलं.

"समोर बसतात ते गृहस्थ... तुम्हाला माहीत असेलच."

इयनचा चेहरा पांढराफटक पडला. "काही बोलला का तो?"

"छे छे! एक शब्दही नाही!"

"हुश्श! तसं आमच्यात स्पष्ट ठरलंय. बसायचं समोर, बोलायचं नाही."

"बरोबरच आहे! नियम म्हणजे नियम!"

"नियम म्हणजे नियम!" इयननंही मान डोलावली, आणि दोघांनी अगदी प्रेमानं हात मिळवले.

आईबाप त्या माणसाकडे कसे बघतात हे काही दिवसांतच इयनच्या लक्षात आलं. पण संघ गच्च भरला होता, दुसऱ्या संघासाठीही रांग लागली होती. त्यानंही तोंडाला कुलूप लावलं.

मग जोलीनला एक युक्ती सुचली. त्या माणसाला बोलायला बंदी आहे, ऐकायला थोडीच आहे! ती फोन कानाला लावून त्याच्या खुर्चीमागे फेऱ्या मारू लागली. "हो गं आई! केन्झीनं काल पुन्हा दोन गोल केले! डाव्या पायानं! आणि स्वभाव तर काय, लोणी!" पलीकडे आई नव्हती, फोन बंद होता. दुसऱ्या दिवसापासून तिथे बोलणाऱ्यांची रीघच लागली. कुणी फोनवर बोले, कुणी कुत्र्याशी. कर्टचा फोन गाडीत राहिला होता आणि कुत्रा नव्हताच, म्हणून तो चक्क दिव्याच्या खांबाशी बोलला.

"टेगनला गणितात 'ए' मिळाला बरं का!" त्यानं खांबाला सांगितलं. "शिवाय वृद्धाश्रमात जाऊन पियानो वाजवते!"

बिचारा काळ्या चष्म्यावाला! त्याच्या मानेच्या शिरा तटतट फुगायच्या, तोंड उघडायचं, पुन्हा मिटायचं. एकदा तर त्यानं स्वतःची टोपी चावली.

"बघितलंस?" कर्ट डेनीसला म्हणाला. "टेगनबद्दल किती बोलायचंय त्याला! पण शिस्त, शिस्त!"

इथपर्यंत ठीक होतं. पण मग आईबापांनी मुलींना घरी शिकवणी द्यायला सुरुवात केली. समोरच्या कडेनं खेळ, तिथे तो जवळून बघतो! परिणाम असा झाला की मॅच सुरू झाली की अख्खा संघ त्या एका कडेला जाऊन गर्दी करायचा. चेंडू कुठेही असो, बारा-चौदा ढोपरं त्या माणसाच्या पुढ्यात एकमेकांवर आपटत असायची. उरलेलं मैदान ओस! प्रतिस्पर्धी मुली तिथून फिरायला निघाल्यासारख्या यायच्या आणि गोल करून जायच्या.

त्या ओस बाजूला एकटी टेगन उभी असायची.

"अगं, तिकडे कुठे जातेस?" कर्ट गाडीत किंचाळला. "तिकडून तू त्याला मुंगीएवढी दिसत असशील!"

"बाबा, तिकडे कुणीतरी उभं राहायला नको का?"

"पण तू पुढे खेळणारी मुलगी! गोल करणारी!"

"चेंडू माझ्यापर्यंत आला तर गोल करीन ना! माझ्यापर्यंत फक्त त्यांच्या तीन-तीन मुली येतात."

तिचा आवाज रडवेला झाला होता. दिवसेंदिवस ती एकटी तीन-तीन जणींना अडवत होती. आधी त्या तिला चकवून जायच्या. मग हळूहळू जाईनाशा झाल्या. कुठल्या मुलीला कुठे वळायचंय हे ओळखून तिथे आधीच जाऊन उभं राहायचं, धक्का द्यायचा नाही, घाई करायची नाही, कडेकडेनं ढकलत तिला बाहेरचा रस्ता दाखवायचा, हे सगळं ती कुणी न शिकवता शिकली. हे कर्टच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. तो खांबाशी बोलत होता.

नोव्हेंबरात इंडियानापोलिसला मोठी स्पर्धा होती. वर्षभर जिची वाट बघायची ती हीच. इथे खरोखरीचे कॉलेजचे कोच येतात आणि मैदानाच्या एका कडेला ओळीनं खुर्च्या टाकून बसतात. आईबापांनी दुसऱ्या कडेला बसायचं, अशी तिथली शिस्त. काळ्या चष्म्यावाला आला, त्यानं दोन्ही कडा पाहिल्या आणि ठरल्याप्रमाणे आईबापांच्या समोरची कड धरली. म्हणजे थेट कोचांच्या रांगेत जाऊन बसला!

"घे!" कर्टनं डेनीसच्या मांडीवर थाप मारली. "बसला की नाही आपल्या माणसांत? हाताच्या काकणाला आरसा कशाला!"

मॅच सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. प्रतिस्पर्ध्यांची एक मुलगी गोलाजवळ पडली. आपली गोलकीपर मॅलरी चेंडूवर झेपावली होती, आणि रेफरीनं शिट्टी फुंकून तिच्याविरुद्ध पेनल्टी दिली.

कोचांच्या रांगेत एक खुर्ची उलटी पडली.

"अरे आंधळ्याऽऽ!" काळ्या चष्म्यावाला उभा होता. चष्मा कुठच्या कुठे उडाला होता. "डोळे आहेत की शर्टाची बटणं? चेंडूला हात लागला तिचा, चेंडूला! घरी जा आणि गवत काप, लायकी तेवढीच आहे तुझी!"

पाच महिन्यांचं साठलेलं बोलणं होतं ते, धरण फुटावं तसं फुटलं! रेफरी झाला, रेफरीची आई झाली, लाइनवरचे दोघं झाले. एक क्षणभर कर्टला वाटलं, वा! हॅलोरनचा कोच आपल्या संघाच्या बाजूनं भांडतोय! पण पुढचं वाक्य आलं.

"मॅलरी, रडू नकोस बाळा! पप्पा आहे इथे!"

आईबापांच्या कडेवर कुणाच्या तरी हातून थर्मासचं झाकण पडलं.

"पप्पा?" जोलीन म्हणाली.

कर्ट उठला. वळसा घालायचं भान त्याला राहिलं नाही, तो मैदान कापत सरळ समोर धावत सुटला!

"तू कोच नाहीस?"

"मी कधी म्हटलं कोच आहे?"

"मग हा शर्ट?"

"मॉलमध्ये घेतला! दोनावर एक फुकट होता!"

"मग इतके महिने बोलला का नाहीस?"

"बंदी होती मला!" डेल प्रूइट, हेच त्याचं नाव, इयनकडे बोट दाखवून गरजला. "गेल्या वर्षी मी ओरडतो म्हणून सगळ्या मुली क्लब सोडून गेल्या! मग यानं सांगितलं, समोर एकटं बसायचं, तोंड उघडायचं नाही, उघडलं तर मुलीला काढीन! आणि तुम्ही लोक येऊन माझ्या कानाशी काय काय बोलत होता! पियानो काय, लोणी काय! मला वेड लागायची पाळी आली होती!"

"मग मॅलरीला का नाही काढलंत तेव्हाच?" कर्टनं इयनला विचारलं.

"गोलकीपर मिळतो कुठे आजकाल!" इयन म्हणाला. एवढं वाक्य मात्र त्याच्या तोंडून सगळे इंग्लंडचे उच्चार सोडून आलं.

कर्टचा तोल सुटला. तो डेलवर ओरडला, इयनवर ओरडला आणि कुणी उरलं नाही म्हणून रेफरीवर ओरडला. रेफरीनं त्याला बाहेर जायला सांगितलं. कर्ट जाईना. रेफरी म्हणाला, हा माणूस गेला नाही तर मॅच रद्द. कर्ट तरीही जाईना! कोचांच्या रांगेत एकेक जण चुळबुळत उठू लागला.

आणि मग टेगन आली.

ती डेल आणि कर्ट यांच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि एक पाऊल पुढे आली. कर्ट एक पाऊल मागे सरला. तो डावीकडून निसटायला गेला, तर ती तिथे आधीच होती. उजवीकडे वळला, तिथेही तीच! हात लावणं नाही, धक्का नाही. बघता बघता कर्ट ओरडत ओरडतच कडेकडेनं मागे जात गेटच्या बाहेर पोचला, आणि आपण बाहेर आलोय हे त्याला गेट लागल्यावर कळलं. मग ती परत जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. तिचे कान लालबुंद झाले होते.

संघ तीन-शून्यनं हरला. घरी परतताना गाडीत फक्त टेगन एकदा म्हणाली, "सगळ्या कोचांनी पाहिलं, बाबा. सगळ्यांनी." आणि खिडकीकडे तोंड करून रडली. कर्टला त्या वेळी खरोखर स्वतःची लाज वाटली. हे लिहून ठेवायला हवं, कारण असं क्वचित घडतं.

टेगनची दहावी संपली. पंधरा जून उजाडला. सकाळपासून टेगनचा फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर देवासारखा ठेवला होता. जोलीनकडे दुपारी एक फोन आल्याची बातमी आली. टेगन काही खाईना. संध्याकाळी कर्टनं आपल्या फोनवरून तिचा फोन लावून पाहिला.

"चालू आहे!" तो म्हणाला.

"चालू आहे, पण तू अडवून धरलायस ना!" डेनीस ओरडली.

त्यानं ठेवला आणि फोन वाजला. साउथ डकोटातल्या एका कॉलेजची कोच, लिंडक्विस्ट नावाची बाई बोलत होती. टेगननं स्पीकर लावला.

"टेगन, खरं सांगू? इंडियानापोलिसला मला शेजारच्या मैदानावर जायचं होतं," बाई म्हणाली. "गोंधळ ऐकून थांबले. तो एक वेडा माणूस मैदानावर घुसला होता बघ. रेफरीला आवरेना, पण तू त्याला बाहेर काढलंस! हात न लावता! त्याला वळायला जागाच दिली नाहीस. मी इतकी वर्षं बचाव शिकवतेय, असं जागा अडवणं बघितलं नव्हतं. नंतर मुद्दाम तुझ्या तीन मॅच बघितल्या. तुम्ही तिन्ही हरलात, पण तुझ्या बाजूनं एकही गोल झाला नाही. येशील का आमच्याकडे?"

डेनीसनं तिला मिठी मारली. कर्टची छाती अभिमानानं फुगली आणि तो काहीतरी म्हणणार, एवढ्यात बाई पुढे म्हणाली,

"एकच विचारते. मुलगी घेण्याआधी मी तिचे आईबाप बघते. एका बापापायी माझा अख्खा संघ मोडलाय एकदा. तो माणूस तुझा कुणी नव्हता ना?"

टेगननं बापाकडे पाहिलं. कर्ट दोन्ही हात जोडून, डोळे विस्फारून, जोरजोरात नकारार्थी मान हलवत होता.

"नाही," टेगन म्हणाली. "मैदानावर असतात अशी माणसं. कुणाची असतात कोण जाणे!"

कर्टनं दोन्ही अंगठे वर केले. पोटच्या पोरीनं ओळख नाकारल्याचा त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

जुलैत कॉलेज बघायला बोलावणं आलं. ओहायोपासून साउथ डकोटापर्यंत कर्टनं एकट्यानं गाडी चालवली, कुरकुर केली नाही. पोचल्यावर गाडी झाडाखाली लावली, टोपी नाकापर्यंत ओढली आणि सीटवर खाली सरकून बसला. मायलेकींना त्यानं मुद्दाम मागच्या सीटवर बसवून आणलं होतं. कोच लिंडक्विस्ट हसत हसत मायलेकींना घ्यायला बाहेर आली, आणि तिची नजर गाडीकडे गेली.

"हे काय, एवढ्या लांबून टॅक्सी केलीत?"

"हो ना," डेनीस म्हणाली. "चालवतो बरा. फक्त बोलतो फार."